फॉर्म्युला वनच्या हिवाळ्यातलं 'म्हणे' : अफवा आणि टेस्टिंगचे आकडे कसे वाचायचे

१ मार्च २०१९ ला बार्सिलोनातलं टेस्टिंग (मोसमाआधीची कारची चाचणी) संपलं तेव्हा वेळांच्या यादीत सर्वात वर फेरारीच्या सेबास्टियन फेटेलचं नाव होतं : १ मिनिट १६.२२१ सेकंद. दुसरा मर्सिडीजचा लुईस हॅमिल्टन, १:१६.२२४. आठ दिवसांच्या धावपळीनंतर फरक ०.००३ सेकंदाचा. तरी त्या आठवड्यातल्या बहुतेक बातम्यांचा सूर एकच होता, की या वर्षी फेरारी पुढे. मर्सिडीजचे लोकही तेच सांगत होते. दोन आठवड्यांनी मेलबर्नला क्वालिफायिंगमध्ये, म्हणजे शर्यतीतली सुरुवातीची जागा ठरवणाऱ्या फेरीत, फेटेल पोलपासून (पहिल्या जागेच्या वेळेपासून) ०.७०४ सेकंद मागे राहिला. शर्यतीत वाल्टेरी बोटास जिंकला, हॅमिल्टन दुसरा, आणि फेटेल जवळपास ५७ सेकंदांनी चौथा. मोसमातल्या पहिल्या पाचही शर्यतींत मर्सिडीजनं पहिला-दुसरा क्रमांक घेतला.

घड्याळ खोटं बोललं नव्हतं. त्या ०.००३ सेकंदाचा अर्थ काय, हे कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. साधारण ट्रॅकवर कारमध्ये एक किलो इंधन जास्त असेल तर लॅपला, म्हणजे ट्रॅकच्या एका फेरीला, सुमारे ०.०३ सेकंद जादा लागतात. म्हणजे ०.००३ सेकंद हे शंभर ग्रॅम पेट्रोलाचं काम. चहाचा एक कप भरेल एवढं. आणि टेस्टिंगमध्ये कुणाच्या टाकीत किती किलो आहे, हे त्या टीमशिवाय कुणालाही माहीत नसतं.

डिसेंबरपासून पहिल्या शर्यतीपर्यंत फॉर्म्युला वनमध्ये शर्यत नसते, पण बातमी रोज लागते. ही पोकळी कोण, कशानं आणि का भरतं हे कळलं की वाचताना 'म्हणे' कुठे घालायचं ते आपोआप समजतं. मराठीत ही सोय छान आहे. 'हॅमिल्टन फेरारीत जाणार' आणि 'हॅमिल्टन फेरारीत जाणार म्हणे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. मूळ इटालियन किंवा इंग्रजी बातमीत ते 'म्हणे' बहुतेक वेळा असतं. इंग्रजीतून हिंदीत, तिथून मराठी मथळ्यात आणि मग व्हॉट्सॲपवर येईपर्यंत ते गळून पडतं.

अफवा कुठून निघते

फॉर्म्युला वनच्या बहुतेक टीम इंग्लंडमध्ये, ऑक्सफर्डशायर आणि नॉर्थॅम्प्टनशायरच्या पट्ट्यात एकमेकींपासून तास-दीड तासाच्या अंतरावर आहेत. फेरारी इटलीत मारानेल्लोला. इंजिनीअर टीम बदलतात, तेव्हा करारानुसार काही महिने घरी बसवून ठेवलेले असतात. त्या पट्ट्यातलेच छोटे कारखाने अनेक टीमना सुटे भाग पुरवतात. एवढ्या दाटीत गुपित पूर्ण राहत नाही, पण पूर्ण बाहेरही येत नाही. तुकडा बाहेर येतो. 'अमक्यांच्या विंड टनेलमध्ये (हवेच्या झोतात कार तपासायचा बोगदा) आकडे चांगले आलेत' हे खरंही असू शकतं. पण चांगले म्हणजे कशाच्या तुलनेत? स्वतःच्या गेल्या वर्षीच्या कारच्या तुलनेत. शेजाऱ्याचे आकडे त्यांनाही माहीत नसतात. 'नवी कार सिम्युलेटरवर लॅपला एक सेकंद वेगवान' ही दर हिवाळ्यात येणारी बातमी म्हणूनच जवळपास निरर्थक असते. बाकीच्यांनीही काही ना काही कमावलेलंच असतं.

दुसरा प्रकार मुद्दाम सोडलेल्या बातम्यांचा. ड्रायव्हरच्या मॅनेजरला अशिलाची किंमत वाढवायची असते, टीमला प्रायोजकापुढे उभं राहायचं असतं, आणि प्रतिस्पर्ध्याला नियमांवर खुलासा हवा असतो. अफवा वाचली की आधी एवढंच विचारायचं : ही बातमी आज छापून आल्यानं कुणाचं काम होतं?

त्यातला तिसरा हेतू सर्वात रंजक. २०१९ च्या उत्तरार्धात फेरारीचं इंजिन सरळ रस्त्यावर बाकीच्यांना मागे टाकत होतं. तेव्हा ताशी १०० किलो इंधनप्रवाहाची जी मर्यादा होती, ती सेन्सरच्या दोन मोजमापांच्या मधल्या वेळात ओलांडता येते का, अशी कुजबुज सुरू झाली. कुजबुज छापली गेली. मग ऑस्टिनच्या शर्यतीच्या सुमारास रेड बुलनं एफआयएकडे, म्हणजे खेळाच्या नियामक संस्थेकडे, रीतसर विचारणा केली : असं असं केलं तर चालेल का? एफआयएनं नाही म्हणून तांत्रिक निर्देश काढला. फेरारीनं काही गैर केल्याचं कायम नाकारलं. २८ फेब्रुवारी २०२० ला, बार्सिलोनातल्या टेस्टिंगचा शेवटचा दिवस संपत असताना, एफआयएनं जाहीर केलं की फेरारीशी समझोता झालाय आणि त्याचा तपशील गोपनीय राहील. फेरारीचं इंजिन न वापरणाऱ्या सातही टीमनी ४ मार्चला एकत्र निषेध नोंदवला. त्या मोसमात फेरारी कन्स्ट्रक्टर्सच्या, म्हणजे टीमच्या, यादीत सहावी आली. खरं काय होतं ते कागदावर कधीच आलं नाही. पण अफवेला हत्यार कसं करतात हे बघायचं असेल तर यापेक्षा चांगला नमुना नाही. आरोप करायला पुरावा लागतो, प्रश्न विचारायला लागत नाही.

२०२६ च्या नव्या नियमांआधीच्या हिवाळ्यात याच धाटणीची चर्चा रंगली. नव्या इंजिनांसाठी कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबलं जातं ते प्रमाण, १८ वरून १६ वर आणलं गेलं. पण तेव्हाच्या नियमात हे मोजायचं होतं ते इंजिन थंड असताना, आसपासच्या तापमानाला. धातू तापला की प्रसरण पावतो. पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा मुळातच इतकी लहान असते की मिलिमीटरच्या अंशांचा फरकही रेशो बदलतो. तेव्हा कुणीतरी थंड असताना १६ आणि गरम झाल्यावर त्याहून जास्त, असं इंजिन बनवलंय म्हणे. यात नाव मर्सिडीजचं जास्त घेतलं गेलं. अशी अफवा हलक्यात घेऊ नये, कारण तिला तीन पाय आहेत. नियमाचा नेमका मजकूर आहे, भौतिकशास्त्रात बसणारी यंत्रणा आहे, आणि तक्रार करण्यात ज्यांना रस आहे असे प्रतिस्पर्धीही आहेत. 'अमकी टीम या वर्षी जोरात आहे' याला यातला एकही पाय नसतो.

ड्रायव्हरच्या खुर्चीची बातमी

ड्रायव्हर बदलाच्या हंगामाला तिथे 'सिली सीझन' म्हणतात. पूर्वी तो उन्हाळ्यात यायचा, आता बाराही महिने चालतो. इथे भावनेपेक्षा कागद बघावा.

१ फेब्रुवारी २०२४ ला हॅमिल्टन २०२५ पासून फेरारीत जाणार हे जाहीर झालं, तेव्हा २०२४ ची पहिली शर्यतही झालेली नव्हती. अनेकांचा विश्वास बसेना, कारण जेमतेम पाच महिन्यांपूर्वी, ऑगस्ट २०२३ मध्ये, त्यानं मर्सिडीजशी २०२५ पर्यंतचा करार केला होता. गोम अशी की त्या करारात बाहेर पडण्याची मुभा देणारं कलम होतं. ते वापरल्याचं मर्सिडीजनंच आपल्या निवेदनात सांगितलं. तेव्हा 'बहुवार्षिक करार' हे शब्द वाचून खुर्ची पक्की समजू नये. प्रसिद्धिपत्रकात सालं लिहितात, कलमं लिहीत नाहीत.

त्याच्या उलटं उदाहरण २०२२ चं. फर्नांडो अलोन्सो अ‍ॅस्टन मार्टिनला जाणार हे १ ऑगस्टला कळलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या तेव्हाच्या टीमनं, अल्पीननं, घोषणा केली की त्याच्या जागी ऑस्कर पियास्त्री येईल. काही तासांत पियास्त्रीनंच सांगितलं की आपण करार केलेला नाही आणि पुढच्या वर्षी अल्पीनसाठी गाडी चालवणार नाही. बारकाईनं वाचणाऱ्यांना शंका आधीच आली होती, कारण अल्पीनच्या पत्रकात खुद्द पियास्त्रीचं एकही वाक्य नव्हतं. नव्या ड्रायव्हरच्या घोषणेत 'या टीममध्ये येताना मला आनंद होतोय' छापाचं वाक्य नसणं म्हणजे लग्नपत्रिकेत नवरीचं नावच नसण्यासारखं आहे.

हा वाद मिटला तो करार मान्यता मंडळापुढे. १९९१ मध्ये मायकेल शूमाकर एका शर्यतीनंतर जॉर्डन सोडून बेनेटनमध्ये गेला, त्या भांडणानंतर हे मंडळ निघालं. टीम आणि ड्रायव्हरचे करार तिथे नोंदवले जातात. वाद झाला तर कुणाचा करार खरा एवढंच ते ठरवतं. २ सप्टेंबर २०२२ ला त्यांनी निकाल दिला : वैध करार एकच, मॅक्लारेनचा, ४ जुलैचा. अल्पीननं घोषणा केली त्याच्या चार आठवडे आधीचा.

तिसरी चाचणी सुपर लायसन्सची, आणि भारतीय वाचकाला ही सर्वात उपयोगी. एफआयएच्या नियमानुसार फॉर्म्युला वनच्या ड्रायव्हरला साधारणपणे वयाची १८ वर्षं आणि मागच्या तीन मोसमांत मिळून ४० गुण लागतात. फॉर्म्युला टूमध्ये, म्हणजे लगेच खालच्या पायरीवरच्या मालिकेत, पहिल्या तिघांना थेट ४० मिळतात, चौथ्याला ३०, पाचव्याला २०, सहाव्याला १०, आणि पुढे झपाट्यानं कमी. २०२२ मध्ये रेड बुलला अमेरिकेच्या कोल्टन हर्टाला अल्फाटाउरी या आपल्या दुसऱ्या टीममध्ये आणायचं होतं. बातम्या महिनाभर चालल्या. हर्टाकडे गुण होते ३२. एफआयएनं सवलत दिली नाही आणि विषय संपला, जागा निक डी व्रीसला मिळाली. आपल्याकडे मुंबईच्या जेहान दारूवालानं फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकल्या, २०२२ मध्ये मॅक्लारेनच्या जुन्या कारमधून सिल्व्हरस्टोनला चाचणी दिली, आणि लगेच मथळे आले की भारताला पुन्हा फॉर्म्युला वनचा ड्रायव्हर मिळणार. जुन्या कारची चाचणी ही नोकरीची मुलाखतही नसते. कधी ती बक्षीस असते, कधी प्रशिक्षण, कधी पैसे भरून घेतलेला अनुभव. असा मथळा दिसला की त्या ड्रायव्हरचे गेल्या तीन वर्षांतले क्रमांक काढा आणि बेरीज करा. पाच मिनिटांचं काम आहे.

पडदा उघडतो तेव्हा दिसते ती कार नसते

फेब्रुवारीत नव्या कारचं अनावरण होतं, धूर, दिवे, संगीत. यावर वेळ फार घालवू नये. २०२२ मध्ये रेड बुलनं दाखवलेली 'नवी कार' ही प्रत्यक्षात फॉर्म्युला वनच्या प्रदर्शनातल्या मॉडेलवर चढवलेली रंगसंगती होती. फेब्रुवारी २०२५ मध्ये लंडनच्या ओटू अरीनात सगळ्या टीमनी एकत्र अनावरण केलं, त्यातही मुद्दा रंगाचाच होता. संगणकावर बनवलेल्या चित्रांत फ्लोअरच्या (कारच्या तळाच्या) कडा आणि डिफ्यूझर (तळाचा मागचा, वर वळलेला भाग) मुद्दाम गुळगुळीत ठेवतात, कारण खरी हुशारी तिथेच असते.

अनावरणाच्या सुमारास आणखी एक बातमी हमखास येते : 'अमक्यांची कार क्रॅश टेस्टमध्ये नापास'. चासी (कारचा सांगाडा) एफआयएच्या सक्तीच्या चाचण्या पास झाल्याशिवाय ट्रॅकवर उतरत नाही हे खरं. पण वजन वाचवण्यासाठी टीम कार्बनचे थर मुद्दाम कमीत कमी ठेवून बघतात, पहिल्या फेरीत एखादा भाग तुटतो, दोन थर वाढवतात, पुन्हा देतात. त्यात बातमी अशी काही नाही. बातमी तेव्हा असते, जेव्हा कार टेस्टिंगच्या पहिल्या दिवशी गॅरेजमध्ये नसते. २०१९ मध्ये विल्यम्सची कार बार्सिलोनात तिसऱ्या दिवशी उतरली. वर्षभरात त्यांना एक गुण मिळाला.

टेस्टिंगचे तीन दिवस

२०१९ ला आठ दिवस मिळाले होते. २०२१ पासून बहुतेक वर्षी तीनच, बहारीनच्या साखीर ट्रॅकवर. २०२६ ला नवे नियम आले म्हणून वेळ वाढवली : जानेवारीअखेर बार्सिलोनात बंद दाराआड, मग फेब्रुवारीत बहारीनला तीन-तीन दिवस दोनदा. प्रत्येक टीमला एका वेळी एकच कार उतरवता येते, म्हणून दोन ड्रायव्हर दिवस वाटून घेतात. बहारीनचं सत्र तिथल्या सकाळी १० ते २ आणि ३ ते ७, म्हणजे आपल्याकडे दुपारी साडेबारा ते साडेचार आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ.

वेळ महत्त्वाची आहे. दुपारी वाळवंटातलं डांबर तापतं, टायर घसरतात, वेळा मंदावतात. सूर्य मावळल्यावर ट्रॅक थंड होतो आणि वेळ आपोआप सुधारते. दिवसाच्या यादीत वर दिसणारी नावं बरीचशी शेवटच्या दीड तासातली असतात. सकाळी धावलेल्या ड्रायव्हरची आणि रात्री धावलेल्याची तुलना करणं म्हणजे उन्हातल्या आणि सावलीतल्या थर्मामीटरची तुलना.

पहिल्या दिवशी सकाळी कार फिरताना पुढच्या चाकांमागे लोखंडी जाळीसारखं काहीतरी दिसेल. तो एरो रेक. त्यातल्या बारीक नळ्या हवेचा दाब मोजतात आणि विंड टनेलमधले आकडे ट्रॅकवर जुळतात का ते बघतात. कधी विंगवर हिरवा-पिवळा रंग ओघळलेला दिसतो. तो फ्लो-व्हिज, हलक्या तेलात कालवलेली चमकदार पूड. हवा जिथून वाहते तिथे रेषा उमटतात, जिथे हवा पृष्ठभाग सोडते तिथे रंग साचतो. कार पिटमध्ये आली की तंत्रज्ञ आधी फोटो काढतात, मग पुसतात. या वेळी ड्रायव्हर ठरलेल्या वेगानं सरळ चालत असतो, त्यामुळे त्या लॅपची वेळ बघण्यात अर्थ नाही. दुसऱ्या दिवशी दुपारीही रेक चढलेलेच असतील तर मात्र कान टवकारावेत. आकडे जुळत नसावेत.

वेळ ठरवणाऱ्या गोष्टी मुख्यतः चार : इंधन, टायर, इंजिनचा मोड आणि ट्रॅकची अवस्था. टायर दिसतो, ट्रॅकचा अंदाज येतो, इंजिन आणि इंधन लपलेलं. एकानं १० किलोवर लॅप मारली आणि दुसऱ्यानं ६० किलोवर, तर ५० गुणिले ०.०३, दीड सेकंदाचा फरक फक्त पेट्रोलाचा. मुद्दाम जास्त इंधन घेऊन, इंजिन दाबून ठेवून खरा वेग लपवणं याला सँडबॅगिंग म्हणतात. उलट टाकी रिकामी करून, सर्वात मऊ टायर लावून यादीत वर जाणं ही ग्लोरी रन. आणखी एक पळवाट आहे : टेस्टिंगमध्ये शर्यतीसारखी वजनाची तपासणी होत नाही. किमान वजनापेक्षा हलकी कार फिरवली तरी कुणी विचारत नाही.

मग हातात काय उरतं? लांब स्टिंट, म्हणजे एकाच टायरवर सलग मारलेल्या बऱ्याच लॅप. शर्यतीची रंगीत तालीम करताना इंधन लपवता येत नाही. बहारीनच्या शर्यतीच्या ५७ लॅप, मधे पेट्रोल न भरता, जायचं तर २०२५ पर्यंतच्या कारमध्ये शंभर किलोच्या आसपास भरावंच लागायचं. कुणी तीन स्टिंटमध्ये, मधे फक्त टायर बदलत, ५७ लॅप सलग मारल्या तर ती तालीम समजा आणि वही काढा.

त्या कारचा हिशेब असा. १०५ किलो इंधन ५७ लॅपमध्ये जळतं, म्हणजे लॅपला साधारण १.८ किलो. त्यामुळे टायर अजिबात झिजला नाही तर प्रत्येक लॅप आधीच्यापेक्षा सुमारे ०.०५ सेकंदानं वेगवान व्हायला हवी. आता समजा पहिल्या कारची हार्ड टायरवरची स्टिंट १:३६.४ नं सुरू झाली आणि पंधराव्या लॅपला १:३७.१ झाली. चौदा लॅपमध्ये ०.७ वाढ, लॅपला ०.०५. त्यात इंधनामुळे न दिसणारे ०.०५ मिळवा, टायरची खरी झीज लॅपला ०.१० सेकंद. दुसरी कार १:३६.८ नं निघाली आणि पंधराव्या लॅपलाही १:३६.८ वरच आहे. तिची झीज ०.०५, निम्मी. पहिल्या लॅपला ०.४ नं मागे असलेली ही कार आठ लॅपनंतर बरोबरीला येते, सतराव्या लॅपपर्यंत एकूण वेळही फेडते, आणि त्यानंतर पुढेच जाते. यादीत मात्र पहिलीचं नाव वर असेल.

तुलना करताना तीन पथ्यं. दोन्ही स्टिंट साधारण एकाच तासातल्या असाव्यात, टायरचा प्रकार तोच असावा, आणि रहदारीत अडकलेल्या किंवा मुद्दाम सोडून दिलेल्या लॅप सरासरीतून काढाव्यात. एखादी लॅप अचानक दोन सेकंदांनी मंद दिसली तर ती झीज नाही, पुढे कुणीतरी आलं होतं.

२०२५ चं टेस्टिंग या दृष्टीनं आदर्श म्हणावं असं. तीन दिवसांतली सर्वात वेगवान वेळ कार्लोस साइन्झची, १:२९.३४८, विल्यम्समधून. मथळे त्याचे. पण वही घेऊन बसलेले लोक दुसऱ्या दिवसाच्या संध्याकाळकडे बोट दाखवत होते. मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसनं शर्यतीची तालीम केली, त्याच सुमारास फेरारी आणि मर्सिडीजच्याही तालमी चालू होत्या, आणि नॉरिस त्यांच्यापेक्षा स्पष्ट फरकानं वेगवान होता, तेही टायर सांभाळून. मेलबर्नला पोल आणि विजय नॉरिसचा. वर्षअखेर कन्स्ट्रक्टर्सचा किताब मॅक्लारेनचा, विल्यम्स पाचवी. विल्यम्ससाठी पाचवा क्रमांक मोठाच होता, तेव्हा साइन्झची वेळ पोकळ नव्हती. पण ती पहिल्या क्रमांकाची नव्हती.

हलकी कार, खरी कार

एकच अफवा दोन वेळा, आणि दोन वेगळी उत्तरं. २००१ च्या हिवाळ्यात अ‍ॅलन प्रोस्टच्या टीममधून जाँ आलेसी टेस्टिंगमध्ये वरच्या वेळा देत होता. जाणकार म्हणाले, कार हलकी फिरवतायत, प्रायोजक शोधतायत. मोसमात चार गुण मिळाले आणि २००२ सुरू होताच टीम बंद पडली.

२००९ मध्ये ब्रॉन जीपीबद्दल हेच बोललं गेलं. होंडानं डिसेंबर २००८ मध्ये अंग काढून घेतलं होतं, ६ मार्चला रॉस ब्रॉननं टीम ताब्यात घेतली, ९ मार्चला जवळपास कोऱ्या पांढऱ्या रंगाची, प्रायोजक नसलेली कार बार्सिलोनात उतरली आणि सगळ्यांना मागे टाकू लागली. पुन्हा तेच : हलकी असणार. २९ मार्चला मेलबर्नला जेन्सन बटन पहिला, रुबेन्स बारिकेलो दुसरा. वर्षअखेर दोन्ही किताब त्यांचे.

फरक आधी ओळखता आला असता का? बऱ्याच अंशी हो. ब्रॉनची कार एका लॅपपुरती नाही, लांब स्टिंटमध्येही वेगवान होती. वेगाला कारणही होतं : होंडानं २००८ च्या कारवरचं काम लवकर थांबवून नव्या नियमांच्या कारवर पैसा ओतला होता, आणि मागे दुहेरी डिफ्यूझर होता, ज्यावर बाकीच्यांनी तक्रारही केली. प्रोस्टच्या वेगाला असं कारण कुणालाच सापडलं नव्हतं.

उलट बाजूची चूकही होते. २०२२ मध्ये जमिनीलगतच्या हवेनं कार खाली ओढणारे नवे नियम आले आणि सरळ रस्त्यावर कार बेडकासारख्या उड्या मारू लागल्या. मर्सिडीज बहारीनला जवळपास साइडपॉड (बाजूचे फुगीर भाग) नसलेली कार घेऊन आली आणि वर सांगू लागली, आम्ही जिंकण्याच्या स्थितीत नाही. पॅडॉक, म्हणजे टीमचा तळ आणि तिथली मंडळी, हसला. दर वर्षी रडतात आणि दर वर्षी जिंकतात, ही त्यांची ख्याती. या वेळी ते खरं बोलत होते. क्वालिफायिंगमध्ये हॅमिल्टन पाचवा, पोलपासून जवळपास ०.७ सेकंद मागे. शर्यतीत तिसरा आला तो शेवटच्या काही लॅपमध्ये दोन्ही रेड बुल बंद पडल्यामुळे. पहिला विजय मिळायला नोव्हेंबर उजाडला. इथे ऐकण्यापेक्षा बघणं कामाचं होतं : उड्या मारणारी कार टीव्हीवर सगळ्यांनाच दिसत होती.

लॅपची संख्या हीसुद्धा वहीत लिहायची गोष्ट. बहारीनला ठणठणीत कार दिवसाला १२० ते १५० लॅप करते. २०१४ मध्ये हायब्रिड इंजिनं आली तेव्हा हेरेझच्या चार दिवसांत मर्सिडीजनं ३०९ लॅप केल्या, रेड बुलनं २१. मर्सिडीज त्या वर्षी १९ पैकी १६ शर्यती जिंकली. पण उरलेल्या तीन रेड बुलच्या डॅनियल रिकार्डोनं जिंकल्या, आणि मेलबर्नला तो दुसरा येऊन इंधनप्रवाहाच्या नियमाखाली बाद झाला होता. हेरेझनंतर 'रेड बुल संपली' लिहिणाऱ्यांनी कारमधला बिघाड आणि कारचा वेग यांची गल्लत केली होती. बिघाड दोन महिन्यांत दुरुस्त होतो. लॅपला एक सेकंद कमी असणं होत नाही.

पहिली शर्यतही शेवटचा शब्द नसते, कारण मेलबर्नचा ट्रॅक बहारीनपेक्षा वेगळा वागतो. पण पहिल्या क्वालिफायिंगमध्ये टाक्या रिकाम्या असतात, टायर तेच, इंजिन पूर्ण उघडलेलं. आणि तिथून पुढे वजनकाटा असतो. २०२४ मध्ये स्पाला जॉर्ज रसेल पहिला आला. शर्यतीनंतर कारमधलं इंधन काढून वजन केलं तर ते ७९६.५ किलो भरलं. किमान हवं होतं ७९८. दीड किलोसाठी विजय गेला आणि हॅमिल्टनला मिळाला.